सलाईनची बाटली शरीरात नेमकी जाते कुठे?

निरामय७

शिरेतून दिलेलं पाणी रक्तात जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते रक्तात थांबत नाही, हे मात्र फार थोड्यांना. मी जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियन आहे, अतिदक्षता विभागात काम करतो. "दोन बाटल्या गेल्या, तरी बीपी का वर येईना?" आणि "अंगावर एवढी सूज आहे, मग अजून सलाईन कशाला?" हे दोन प्रश्न नातेवाईक सतत विचारतात. दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. आयसीयूच्या दाराशी उभ्या उभ्या त्यांची पुरी उत्तरं देता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी शरीरातल्या पाण्याचा हिशोब मांडू. ७० किलोच्या धडधाकट पुरुषाच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असतं, म्हणजे वजनाच्या ६० टक्के. बायकांमध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास, कारण चरबीत पाणी कमी असतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळात ७५ टक्क्यांपर्यंत. या ४२ पैकी २८ लिटर पेशींच्या आत असतं. उरलेलं १४ लिटर पेशींच्या बाहेर, आणि त्यातलंही साडेदहा लिटर पेशी आणि पेशींच्या मधल्या फटींमध्ये. रक्तवाहिन्यांत वाहणारा प्लाझ्मा फक्त साडेतीन लिटर. आपण सुई टोचतो ती या सगळ्यात लहान कप्प्यात. बीपी टिकवायचं तर हाच कप्पा भरलेला लागतो, आणि नेमका हाच कप्पा आपल्याकडचं पाणी सगळ्यात पटकन शेजाऱ्यांना देऊन टाकतो.

कप्प्यांच्या मध्ये दोन भिंती आहेत. पहिली केशवाहिन्यांची. तिच्यातून पाणी आणि मीठ सहज जातं, अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं मात्र बहुतांशी आतच राहतात. दुसरी भिंत पेशीच्या आवरणाची. तिच्यातून पाणी जातं, पण सोडियमला मज्जाव असतो. थोडं आत शिरलंच तर पेशीचा पंप ते परत बाहेर काढतो आणि बदल्यात पोटॅशियम आत घेतो. पाणी कुठे जाणार हे त्यात विरघळलेल्या पदार्थाला कुठली भिंत अडवते त्यावर ठरतं. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पाच टक्के डेक्स्ट्रोज घ्या, ज्याला आपण 'ग्लुकोज चढवलं' म्हणतो. शुद्ध पाणी शिरेत देता येत नाही. पाण्यात टाकलेली मनुका टरारून फुगते तशा तांबड्या पेशी फुगतात आणि शेवटी फुटतात. म्हणून त्या पाण्यात ग्लुकोज घातलेलं असतं, शिरेत शिरताना त्याची तीव्रता रक्ताच्या जवळपास राहावी म्हणून. पेशी हे ग्लुकोज वापरून टाकतात. मग निव्वळ पाणी उरतं, आणि निव्वळ पाण्याला दोन्ही भिंती मोकळ्या. ते सगळ्या ४२ लिटरमध्ये पसरतं. १ लिटर डेक्स्ट्रोज दिलं तर सुमारे ६६५ मिली पेशींच्या आत जातं, २५० मिली फटींमध्ये, आणि रक्तवाहिन्यांत उरतं जेमतेम ८५ मिली. आपल्याकडची नेहमीची बाटली अर्ध्या लिटरची, म्हणजे तिच्यातलं चाळीस-बेचाळीस मिली. जुलाब होऊन बीपी पडलेल्या माणसाला डेक्स्ट्रोजच्या कितीही बाटल्या लावल्या तरी नाडी भरत नाही, ती यामुळे.

आता नॉर्मल सलाईन. १ लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. सोडियमला पेशीत जागा नाही, म्हणून त्याच्याबरोबरचं पाणीही पेशीबाहेरच राहतं. पण केशवाहिनीची भिंत त्याला अडवत नाही. त्यामुळे पेशीबाहेरच्या १४ लिटरमध्ये ते वाटलं जातं: २५० मिली रक्तवाहिन्यांत, ७५० मिली फटींमध्ये. तीन लिटर सलाईन गेली की सव्वादोन लिटर पाणी फटींत जाऊन बसतं. सूज म्हणतो ती हीच. वरून अंग सुजलेलं आणि आत रक्तवाहिन्या अजून रिकाम्या, हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे.

रिंगर लॅक्टेट, म्हणजे आरएल, बऱ्याच अंशी सलाईनसारखंच वागतं. त्यात १ लिटरला सोडियम १३० मिलीमोलच्या आसपास असतं (सलाईनमध्ये १५४, आपल्या रक्तात १४० च्या आगेमागे), थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम, आणि लॅक्टेट. लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट होतं. आरएल रक्तापेक्षा किंचित पातळ असल्याने त्याचा थोडा वाटा पेशींच्या आत सरकतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण डोक्याला मार लागून मेंदू सुजलेला असेल तर आम्ही ते टाळतो. याच्या उलट तीन टक्क्यांची सलाईन. तिच्यात सोडियम ५१३, म्हणजे ती पेशींच्या आतलं पाणी बाहेर ओढून काढते.

आणि अल्ब्युमिन. रेणू मोठा, पहिलीच भिंत ओलांडत नाही, त्यामुळे बराच काळ रक्तवाहिनीत टिकतो. महाग आहे आणि मोजक्याच आजारांत त्याचा खरा फायदा आहे. त्याला स्वस्त पर्याय म्हणून स्टार्चची द्रावणं आली होती. २०१२ साली दोन मोठ्या चाचण्यांत त्यांच्यामुळे किडनीचं नुकसान होतं असं दिसलं आणि गंभीर पेशंटमध्ये त्यांचा वापर मागे पडला.

बाटल्या लांबून सारख्याच दिसतात. आपल्या माणसाला काय चालू आहे ते लेबलवर वाचा आणि डॉक्टरांना विचारा, त्यात संकोच नको.

---

अवकाळी_पाऊस

अप्रतिम धागा डॉक्टर. एक शंका. पाऊण सलाईन जर फटींत निघून जात असेल, तर जुलाब-उलट्यांत ती देतात तरी कशाला? तीनचतुर्थांश वायाच गेली की.

---

निरामय७

वाया नाही जात. जुलाबात जे पाणी जातं ते मिठासकट जातं, म्हणजे पेशीबाहेरच्या १४ लिटरमधूनच. रक्तवाहिनी रिकामी होऊ लागली की शरीर आधी फटींतलं पाणी आत खेचून घेतं. म्हणून डोळे खोल जातात आणि चिमटीत धरलेली कातडी लगेच मागे जात नाही. तिथे सलाईन किंवा आरएल दोन्ही कप्पे भरतं, आणि दोन्ही रिकामेच असतात. हिशोब बरोबर बसतो.

रक्तस्राव झाला असेल तर गोष्ट निराळी. तिथे मूळ तोटा एकाच कप्प्यातला असतो आणि सलाईनने प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशीही परत येत नाहीत. थोडा वेळ मिळवून देण्यापलीकडे तिचा उपयोग नाही, रक्तच लागतं.

---

शांतनिद्रा

मी भूलतज्ज्ञ. धागा फार आवडला, एक भर घालतो. पाव आणि पाऊण ही वाटणी सगळं स्थिरस्थावर झाल्यानंतरची आहे. सलाईन जात असताना आणि नंतरची काही मिनिटं तिचा निम्म्याहून जास्त भाग रक्तवाहिनीतच असतो. फटींत पूर्ण वाटणी व्हायला २५ ते ३० मिनिटं लागतात. ऑपरेशन टेबलावर आम्ही पाणी भराभर सोडतो, बीपी वर येतं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा खाली सरकतं, ते या वाटणीमुळे.

भूल दिलेल्या किंवा बीपी पडलेल्या पेशंटमध्ये केशवाहिन्यांतला दाब कमी असतो. पाणी बाहेर ढकलायला जोर कमी, त्यामुळे ते आत जास्त वेळ टिकतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 'सेफ' नावाच्या चाचणीचे निकाल २००४ साली आले, आयसीयूतले जवळजवळ सात हजार पेशंट. निम्म्यांना अल्ब्युमिन, निम्म्यांना सलाईन. पुस्तकातल्या हिशोबाने सलाईन तिप्पट-चौपट लागायला हवी होती. प्रत्यक्षात १ ला १.४ च्या आसपास लागली. मृत्यूदरात फरक पडला नाही.

दुसरं कारण आम्ही कॉलेजात शिकलो त्या चित्रात नव्हतंच. स्टार्लिंगने १८९६ मध्ये मांडलं होतं की केशवाहिनीच्या एका टोकाला दाबाने पाणी बाहेर जातं आणि दुसऱ्या टोकाला प्रथिनांच्या ओढीने परत येतं. आता असं दिसतं की रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला साखर आणि प्रथिनांचं एक नाजूक अस्तर असतं, ग्लायकोकॅलिक्स. गळती किती होणार ते हे अस्तर ठरवतं. आणि बाहेर गेलेलं पाणी बव्हंशी लसिकावाहिन्यांतून फिरून परत येतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की हे अस्तर झिजतं. मग अल्ब्युमिनसुद्धा बाहेर गळतं आणि पुस्तकातले सगळे आकडे कोसळतात.

---

सायली_क

वाचताना अंगावर काटा आला, कारण हे सगळं आम्ही मागच्या पावसाळ्यात अनुभवलंय. माझ्या भावाला डेंग्यू झाला होता. चार दिवस सणसणीत ताप, पाचव्या दिवशी उतरला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. त्याच संध्याकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं, हातपाय गार पडले. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर प्लेटलेटपेक्षा दुसऱ्याच एका आकड्याकडे बघत होते, पीसीव्ही. आधीच्या रिपोर्टमध्ये ४१ होता, तो ५० झाला होता. दर काही तासांनी रक्त घ्यायचे आणि सलाईनचा वेग कमीजास्त करायचे. आम्हाला कळेना हे काय चाललंय. दोन दिवसांनी तो अजून मलूल असतानाच त्यांनी सलाईन बंद केली. आई खूप चिडली होती, "एवढा अशक्त झालाय आणि सलाईन काढून काय टाकता?" डॉक्टर फक्त म्हणाले, आता गरज नाही, उलट त्रास होईल. तो बरा झाला, पण त्रास का झाला असता ते आजवर कळलेलं नाही. सांगाल का?

---

निरामय७

सायलीताई, तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी फार नेटकं काम केलंय.

डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, २४ ते ४८ तास, केशवाहिन्या गळायला लागतात. एनएस१ ची तपासणी आपण सगळे करतो. ते एनएस१ म्हणजे विषाणूचं एक प्रथिन, आणि शांतनिद्रा म्हणाले त्या अस्तराला तेच इजा करतं, असं प्रयोगांतून पुढे आलंय. भिंत गळू लागली की प्लाझ्मा छातीत, पोटात आणि फटींत जातो. तांबड्या पेशी मोठ्या, त्या आत राहतात. म्हणजे रक्त दाट होतं. पीसीव्ही रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा दाखवतो. ४१ चा ५० म्हणजे २० टक्क्यांहून जास्त वाढ, गळती जोरात असल्याची पक्की खूण. पोटदुखी, सतत उलट्या, गार हातपाय, ही त्याचीच लक्षणं.

अशा वेळी पाणी कमी पडलं तर माणूस शॉकमध्ये जातो, जास्त दिलं तर तेही गळून छातीत साठतं. म्हणून पीसीव्ही, नाडी, बीपी आणि लघवी बघत बघत तासातासाने वेग बदलावा लागतो. ठरावीक बाटल्या लावून दिल्या आणि झालं, असं इथे चालत नाही.

आता सलाईन का काढली. गळती थांबली की बाहेर गेलेलं पाणी दोन-तीन दिवसांत परत रक्तवाहिन्यांत येतं. शरीर स्वतःच स्वतःला सलाईन लावत असतं म्हणा. तेव्हा बाहेरूनही बाटली चालू ठेवली तर पाणी फुफ्फुसांत उतरतं आणि धाप लागते. डेंग्यूतून वाचलेला पेशंट या टप्प्यावर जादा सलाईनने अत्यवस्थ होऊ शकतो. अशक्तपणा पुढे काही आठवडेही राहू शकतो, त्याला सलाईन हा उपाय नाही.

---

सायली_क

आईला वाचून दाखवलं. खूप खूप धन्यवाद डॉक्टर.

---

भिमथडी

मी बाजाराच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. ऊसतोडीच्या हंगामात, कांद्याच्या काढणीत, रोज माणसं येतात, "अंगात ताकद नाही, एक सलाईन लावा." नाही म्हटलं तर शेजारच्या दवाखान्यात जातात. पिवळी बाटली मागतात. त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलेलं असतं, रंग बी२ चा, आणि जादा झालेलं बी२ संध्याकाळी लघवीतून तसंच पिवळं निघून जातं.

दिवसभर उन्हात राबलेल्या, पाणी न प्यायलेल्या माणसाला बरं वाटतं हे खरं आहे. त्याचे कप्पे खरंच रिकामे असतात, शिवाय दोन तास पंख्याखाली आडवं पडायला मिळतं. तो आराम मला त्यांना नाकारावासा वाटत नाही. पण आकडे बघा. डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे ८५ च्या आसपास कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त असतात. सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात मिळून पाच ग्रॅमच्या आत सांगते. बीपीच्या म्हाताऱ्याला 'ताकदीची' सलाईन लावतो तेव्हा आपण हे करत असतो. मजुरी बुडवून आलेल्या माणसाचे त्यात पैसे जातात, ते मला सगळ्यात जास्त लागतं.

आता मी दवाखान्यात पाण्याचा माठ आणि ओआरएसची पाकिटं ठेवलीत. पिऊ शकणाऱ्याला समोर बसवून पाजतो. काही जण अजूनही नाराज होऊन जातात, काही थांबतात.

---

अवकाळी_पाऊस

भिमथडी डॉक्टर, तुमच्यासारखे डॉक्टर प्रत्येक गावात हवेत.

---

नर्मदाकाठ

मी सिस्टर आहे, मेडिसिन वॉर्डात. एक कळकळीची विनंती लिहिते. बाटली लवकर संपावी, घरी लवकर जाता यावं म्हणून नातेवाईक सेटचं चाक फिरवतात. कृपया असं करू नका.

आमच्याकडच्या साध्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिली होतो. अर्ध्या लिटरची बाटली चार तासांत द्यायची तर मिनिटाला ४२ च्या आसपास थेंब. घड्याळ धरून मोजून लावलेले असतात ते. लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिली, तिथे थेंब बारीक असतात म्हणून "किती हळू चाललंय" असं वाटतं. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल आणि चाक मोकळं सोडलं तर तासाभरात तो उठून बसतो, आडवं पडवत नाही, खोकला येतो, तोंडाला फेस येतो. मी हे पाहिलंय.

आणि लघवी मोजायला सांगतो तेव्हा ती खरंच मोजा. "दोनदा झाली" याने आम्हाला काही कळत नाही. पाणी किती गेलं आणि किती बाहेर आलं, या दोन रकान्यांवर डॉक्टर पुढची बाटली ठरवतात. रोज सकाळी वजनही करतो. एका रात्रीत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, दोन लिटर पाणी असतं.

सूज कशी बघायची तेही सांगते. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा आणि सोडा. खळगा तसाच राहिला तर डॉक्टरांनी लिहिलेलं ते फटींतलं पाणी तुमच्या बोटाखाली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसतात, कारण पाणी खाली, माकडहाडाशी उतरलेलं असतं. कूस बदलताना तिथेही दाबून बघायचं.

---

निरामय७

सिस्टर, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. रकाने नीट भरलेले असले की आमचं निम्मं काम होतं.

---

प्राजक्ता_नाशिक

माझ्या आजीबद्दल विचारायचंय. वय ७८, बीपीची गोळी चालू, त्यात पाणी काढणारं औषध होतं. पडून खुबा मोडला, ऑपरेशन झालं. तोंडाने फार खात नव्हती म्हणून डेक्स्ट्रोजच्या बाटल्या चालू होत्या. तिसऱ्या दिवशी ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारू लागली, मग नुसतीच झोपून राहू लागली. सगळे म्हणाले वय झालंय, भुलीचा परिणाम असेल. तपासलं तर सोडियम ११८. मग तीन टक्क्यांची सलाईन आली, पण इतकी हळू की आम्हाला धीर धरवेना. मीठच कमी झालंय तर भरकन का देत नाहीत?

---

निरामय७

ताई, आजींचं उदाहरण फार महत्त्वाचं आहे, कारण असं खूप घरांत होतं आणि 'वय झालंय' म्हणून सोडून दिलं जातं.

ऑपरेशन, दुखणं, मळमळ, यांमुळे मेंदूतून एडीएच नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि किडनी पाणी धरून ठेवते. बीपीच्या त्या गोळीने सोडियम आधीच कमी झालेलं असतं. त्यात डेक्स्ट्रोज, म्हणजे काही वेळाने निव्वळ पाणी. ते पाणी लघवीवाटे बाहेर जात नाही, सगळ्या कप्प्यांत पसरतं, दोनतृतीयांश पेशींच्या आत. पायाच्या स्नायूच्या पेशी थोड्या फुगल्या तर काही बिघडत नाही. मेंदू कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागाच नाही. गोंधळणं, झोप, शेवटी फिट, हे त्यामुळे. लहान मुलांतही हाच धोका ओळखून आता रोजच्या गरजेसाठी चालू ठेवायची सलाईन रक्ताइतक्या तीव्रतेची असावी अशी शिफारस आहे. आमच्या शिक्षकांच्या पिढीत मुलांना बरीच पातळ द्रावणं दिली जायची.

हळू का, याचं कारण असं. सोडियम दोन-तीन दिवस कमी राहिलं की मेंदूच्या पेशी आपल्याकडचे काही विरघळलेले पदार्थ बाहेर टाकून जुळवून घेतात. मग एकदम तीव्र सलाईन दिली तर त्यांच्यातलं पाणी झपाट्याने ओढलं जातं आणि मेंदूतल्या मज्जातंतूंची आवरणं झडू शकतात. ते नुकसान काही दिवसांनी दिसतं आणि कायमचं राहू शकतं. म्हणून २४ तासांत ८ च्या वर वाढू द्यायचं नाही, असं आम्ही धरून चालतो. फिट येत असेल तर मात्र सुरुवातीला १०० ते १५० मिली पटकन देतात, सोडियम चार-सहाने वर आलं की धोका टळतो, आणि पुढे पुन्हा सावकाश.

घरात ७० च्या पुढचं माणूस पाणी काढणारी गोळी घेत असेल आणि अचानक असंबद्ध बोलू लागलं तर सोडियम तपासून घ्या.

---

प्राजक्ता_नाशिक

धन्यवाद. आजी आता घरी आहे, वॉकर घेऊन फिरते. ती गोळीही बदलून दिली.

---

कोकणकडा

इतिहासात रस आहे म्हणून थोडं लिहितो. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या लीथ गावात कॉलऱ्याची साथ होती. थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरने एका मरणासन्न म्हातारीच्या शिरेत मीठ आणि सोडा घातलेलं पाणी सोडलं. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या वर. खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली, बाई बोलू लागली. लॅटा तिला दवाखान्यातल्या डॉक्टरच्या हवाली करून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिलं गेलं नाही, आणि साडेपाच तासांनी ती गेली. वरचं सगळं वाचल्यावर त्या बाईच्या शरीरात काय झालं असेल ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. लॅटाने हे सगळं लंडनच्या आरोग्य मंडळाला पत्राने कळवलं आणि ते पत्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढच्याच वर्षी तोही वारला, आणि त्याची पद्धत कित्येक दशकं अडगळीत पडली.

दुसरा प्रसंग १९७१ चा. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बोनगावला, कॉलरा पसरला. शिरेतून द्यायच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मोजून पुड्या बांधल्या आणि नातेवाइकांच्या हातून पाणी पाजलं. तिथला मृत्यूदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ३.६ टक्क्यांवर आला. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आता माझा प्रश्न. आम्ही महाडकडचे. लाल विंचू चावला की जुनी माणसं म्हणतात सलाईन लावू नका. त्यात काही तथ्य आहे का? आणि पाजलेलं पाणी शिरेतल्या पाण्याइतकं काम कसं करतं?

---

निरामय७

लॅटाबद्दल इतकं तपशिलात वाचलं नव्हतं, मनापासून आभार.

विंचवाबद्दल तुमच्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला शिकवलं. लाल विंचवाच्या विषाने ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि पाणी फुफ्फुसांत उतरतं. प्राझोसिन हे बीपीचं औषध दिल्यावर त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. कोकणात या दंशाने मरणारी माणसं त्यामुळे वाचू लागली. फुफ्फुसांत पाणी उतरायच्या बेतात असताना शिरेतून भराभर सलाईन दिली तर ती तिथेच जाऊन पडणार. त्यामुळे जुन्या माणसांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण अशा पेशंटला घामाने आणि उलट्यांनी कोरडही पडलेली असते, तेव्हा ते पाणी तोंडाने देणं चांगलं. घरी वाट बघत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

ओआरएसचं गमक आतड्यात आहे. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारं एक दार असतं. कॉलऱ्यात बाकी बरंच बिघडतं, ते दार शाबूत राहतं. जोडी आत गेली की पाणी मागोमाग जातं आणि पेशीबाहेरच्या कप्प्यात पोचतं, जिथे सलाईन पोचते तिथेच. २००२ पासूनच्या सूत्रात १ लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच मिसळायचं. पेलाभर पाण्यात सगळं टाकलं तर ते इतकं तीव्र होतं की पाणी उलट आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. दुकानातल्या गोड पेयांत साखर जास्त आणि सोडियम कमी असतं, ती ओआरएसच्या जागी देऊ नका.

मूल उलट्या करत असेल तर एकेक चमचा, दर एक-दोन मिनिटांनी. मात्र ते सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा चमच्याने दिलेलंही पोटात ठरेना, तर शिरेतूनच द्यावं लागतं. तिथे सलाईन किंवा आरएल लागतं, नुसतं डेक्स्ट्रोज नाही.